मोजणीच्या शनिवारी चौदा जणी

डेपोत त्याला सगळे ‘शेवटचा थांबा’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. सोळा वर्षं तो एकाच रूटवर ड्रायव्हर होता. सकाळी शहरातून निघायचं, दुपारच्या आत डोंगरातल्या शेवटच्या वस्तीवर पोचायचं, तीन वाजेपर्यंत तिथेच थांबायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं. कंडक्टर नव्हता, तिकिटंही मशीनवर त्यानेच काढायची. रस्ता नुसता वळणांचा, गाडी जुनी, स्टिअरिंग जड. दर वळणाला खांद्यापासून कमरेपर्यंत पीळ बसे. घरी आल्यावर तो आधी भिंतीला हात टेकून उभा राहायचा, मग एक पाय, मग दुसरा असे बूट काढायचा.

डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, “हा रस्ता सोडा. सपाट रस्त्यावरची गाडी मागून घ्या, नाहीतर रिटायर व्हायच्या आत काठी धराल.”

त्याने मागितली. तीनदा अर्ज केला. डेपो मॅनेजरचं उत्तर तिन्ही वेळा एकच, “तुम्हाला काढलं तर तिथे घालू कोणाला? कोणी तयारच नाही हो.” तेव्हा त्या रूटवरून सुटायची एकच वाट उरली होती. रूटच बंद पडायला हवा होता.

आणि तो पडायच्या बेतात होता. वस्तीतली तरुण माणसं शहरात आली होती. उरलेली म्हातारी माणसं दवाखान्यापुरती खाली येत. वस्तीच्या पुढे काही पाहायला जावं, असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. शहरातली मंडळी सुट्टीला धरणावरच्या बागेत जात. तिथे कारंजी होती, पार्किंग होतं, फोटो काढायला सिमेंटचे हत्ती होते. ड्रायव्हरला बायको कधीमधी विचारायची, “तुमच्या त्या टोकाला आहे तरी काय?”

“काही नाही. दगड आहेत.”

हे तो खोटं बोलत नव्हता. वस्तीवर पोचला की तो मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा, तो थेट निघायच्या वेळी उठायचा. थांब्यापासून थोडं पुढे जमीन संपते आणि खाली दरी सुरू होते, एवढं त्याला ठाऊक होतं. दरीत पाण्याचा आवाज येतो, हेही. खाली उतरायचं म्हणजे पुन्हा वर चढायचं, आणि त्याच्या कमरेला तो हिशेब मान्य नव्हता.

ऑफिसातून मोजणीचा हुकूम निघाला. एक कारकून दिवसभर गाडीत बसणार, जाताना-येताना किती माणसं आहेत ते पाहणार, आणि सरासरी दहाच्या खाली आली तर रूट बंद. कारकून ड्रायव्हरच्या बरोबरीचा, एकाच वर्षी नोकरीला लागलेला. त्याने कॅन्टीनमध्ये हळूच सांगितलं, “शनिवारी येतो. शनिवारी तुझ्या गाडीत माश्यासुद्धा बसत नाहीत.”

“आणि नंतर मला?”

“नंतर तू शहरात. स्टेशन ते बाजार. झोपेत चालवशील.”

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं. नोकरीतलं घरी सांगायची सवयच नव्हती. बायको युनिफॉर्म शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये दिवसभर मशीनवर बसायची, तीही तिथलं काही सांगत नसे. दोघं जेवायची, टीव्ही थोडा वेळ बघायची आणि झोपायची.

शनिवारी गाडी निघाली तेव्हा आत कारकून धरून चार माणसं होती. कारकुनाने खिडकीशी जागा पकडली आणि पेपर उघडला. दुसरा थांबा ड्रायव्हरच्या कॉलनीचा. एरवी तो तिथे गाडी नुसती हळू करायचा. आज फुटपाथवर बायकांची रांग उभी होती. पायात कापडी बूट, पाठीला पिशव्या, दोघींच्या हातात काठ्या. कॉलनीत रोज संध्याकाळी चालायला जाणाऱ्या त्या बायका. सगळ्यांत पुढे त्याची बायको.

“चौदा तिकिटं द्या, मास्तर,” ती म्हणाली. मागे हशा पिकला.

“कुठली?” त्याने विचारलं.

“शेवटच्या थांब्याची. तुम्ही सोळा वर्षं काय लपवून ठेवलंय ते बघायला चाललोय.”

“तिथे दुसरा संसार नाही ना, भाऊजी?” मागून एक जाडजूड आवाज आला. ती रिटायर झालेली नर्स. तिच्या पुतण्याने कुठूनसा त्या दरीचा फोटो पाठवला होता, आणि तेव्हापासून तिने सगळ्यांच्या कानाशी भुणभुण लावली होती. बायकोने ही गोष्ट घरी मुद्दाम सांगितली नव्हती. नवऱ्याला चकित करायचं होतं.

तो चकित झाला होता. त्याने चौदा तिकिटं काढली. कारकुनाने पेपर तोंडासमोर धरला होता आणि त्याच्या हसण्याने पेपर हलत होता.

वस्तीवर पोचल्यावर बायका आरडाओरडा करत दरीकडे गेल्या. ड्रायव्हर नेहमीसारखा मागच्या सीटवर पडला. झोप आली नाही. तीन वाजले तरी कोणी वर आलं नाही. वस्तीतली दोन म्हातारी माणसं औषधांच्या पिशव्या घेऊन बसली होती. त्याने हॉर्न दिला. दरीतून काहीच उत्तर आलं नाही.

कारकून जवळ येऊन बसला. “हे बघ, वेळापत्रकाप्रमाणे निघालास तर तुला कोणी बोलू शकत नाही. परतीला गाडी रिकामी गेली की सरासरी धाडकन खाली येते.”

“उद्या गाडी नसते. सोमवारपर्यंत काय खातील?”

“वस्तीत घरं आहेत. एकटी-दुकटी नाही, चौदा जणी आहेत.”

ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात ठेवले. किल्ली आत होती. मग त्याने ती काढून खिशात टाकली आणि खाली उतरला.

दरीची वाट दगडांतून जात होती. तो एका हाताने कंबर धरून, आडवा होत होत उतरला. खाली नदी तीन टप्प्यांत पडत होती. पाण्याने दगड कोरून मोठमोठे रांजण केले होते, आणि शेवटच्या टप्प्याखाली हिरवं, खोल पाणी होतं. नर्सबाई त्यात उताण्या तरंगत होत्या. बाकीच्या कपडे खोचून कडेला उभ्या होत्या. त्याची बायको खडकावर बसून पाय पाण्यात सोडून होती. वर्कशॉपच्या मशीनमुळे सुजलेले पाय.

“हे काही नाही?” तिने विचारलं.

“मी कधी उतरलोच नव्हतो.”

“सोळा वर्षांत?”

“चला आता. गाडीची वेळ गेली.”

बाकीच्या पुढे गेल्या. चढताना तो दर दहा-बारा पावलांवर थांबत होता. तिने त्याचा दंड धरला. चौथ्यांदा थांबला तेव्हा त्याने डॉक्टरचं, अर्जांचं आणि मोजणीचं सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली.

“आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू कुठे सांगितलंस येणार म्हणून?”

 जरा वर गेल्यावर ती म्हणाली, “मग टाकून का नाही गेलात?”

“सोमवारपर्यंत स्वयंपाक कोणी केला असता?”

गाडीत चढताच ती थेट कारकुनापाशी गेली. “भाऊजी, परतीचं आमचं मोजू नका.”

“वहिनी, तिकिटं मशीनमध्ये जातात,” कारकून म्हणाला. “मी आंधळा झालो तरी मशीन होत नाही.”

“मग तिकिटंच काढत नाही.”

“मग दंड नवऱ्यालाच.”

चौदा तिकिटं निघाली. उतारावर बायका गाणी म्हणत होत्या. ड्रायव्हरची बायको त्याच्या मागच्या सीटवर बसून वळणं बघत होती. प्रत्येक वळणाला त्याची मान आखडायची आणि खांदा वर जायचा. तिने गाण्यात भाग घेतला नाही.

रूट चालू राहिला. एवढ्यावर भागलं नाही. नर्सबाईंनी तरंगतानाचे फोटो ओळखीच्या सगळ्यांना पाठवले, त्यांनी पुढे पाठवले, आणि डेपोत फोन येऊ लागले की त्या दगडी रांजणांकडे गाडी कधी जाते. पंधरा दिवसांत मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून खांद्यावर थाप मारली. “मिसेसनी रूट वाचवला तुमचा. रविवारीही गाडी सुरू करतोय.”

त्या संध्याकाळी तो भिंतीला हात टेकून बूट काढत असताना बायकोने विचारलं, “रविवारची कोण नेणार?”

“मीच. रस्ता मला माहीत आहे म्हणे.”

“आणि सुट्टी?”

“बुधवारी.”

बुधवारी वर्कशॉपचा माल जायचा. त्या दिवशी तिला घरी राहणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती मलमाची ट्यूब घेऊन आली. तो पालथा पडला. बराच वेळ ती कंबर चोळत राहिली.

“उद्या मी येते डेपोत,” ती म्हणाली. “बाकीच्या तेरा जणींनाही आणते. मॅनेजरला म्हणावं, आता मोज. दुसरा ड्रायव्हर दिल्याशिवाय एकही उठणार नाही.”

“हसतील सगळे मला.”

“हसू देत.”

तो उशीत तोंड खुपसून पडला होता. तिला वाटलं, झोपला.

“उद्या नको,” तो म्हणाला. “उद्या मॅनेजर रजेवर आहे. परवा ये.”