विलास मिस्त्रीबद्दल मी काय सांगतलं

चहा घ्या अगोदर, मंग आयका. माह्या हातून आजपर्यंत लय पाने-नटबोल्ट घसरले, पण एकदा जीभ जशी घसरली, तसं काई घसरलं नाई. हसायचं तं हसा, फक्त मंगरूळपीरात कोणाले सांगू नका. तसं तिथं सगळ्यांले ठाऊकच आहे म्हणा.

माहं तिथंच ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पाटीवर नाव माहं, पण गॅरेज चाले ते विलास मिस्त्रीच्या हातावर. ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायच्या आत हा आवाजावरून बिमारी सांगे. तोंड बी तसंच चालू. काम करता करता गिऱ्हाइकाची, गिऱ्हाइकाच्या सासऱ्याची अन् माही, सगळ्यांची फिरकी घे.

हा विलास एक दिवस म्हणते, "भाऊ, मले कॅनडात नोकरी भेटली."

मी म्हणलो, "कोणत्या कॅनडात?" आमच्याकडं काय, दर दोन घरांआड कोणी ना कोणी कॅनडाले चाललेला असते. वर्षानुवर्षं चाललेलाच असते.

पण याचं खरं होतं. तिकडच्या एका शेतीअवजारांच्या वर्कशॉपवाल्यानं व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून हायड्रॉलिक पंप खोलून-जोडून घेतला अन् नोकरीचं पत्र धाडलं. विलासनं मले समजावून सांगतलं, "भाऊ, हे पत्र म्हणजे व्हिसा नाई. याच्या जोरावर अर्ज करायचा. मंग तिकडचं सरकार तपासते, का हा माणूस खरंच मिस्त्री आहे का नाई."

म्हणून त्याले माह्याकडून अनुभवाचं पत्र पाहिजे होतं. त्यानंच इंग्रजीत टाइप करून आणलं, मी सही ठोकली. मनात म्हणलं, कायचा जाते हा? अन् दोन-चार महिन्यांत विसरून बी गेलो.

मधातच रिसोडच्या दिगंबरभाऊनं मोठं गॅरेज टाकलं. खाली फरशी, वरतं पंखे. अन् माह्या कानावर आलं, का त्याले विलास पाहिजे. झोपच उडाली ना. सोयाबीनचा सीझन तोंडावर, दारात ट्रॅक्टर-थ्रेशरची रांग. अशात हा उठून रिसोडले गेला, तं मी काय टाळ कुटू?

त्याच दिवसांत एक फोन आला. बाजूले ट्रॅक्टर घर्रघर्र करून राह्यलता. एक बाई शुद्ध हिंदीत बोलली, "…ऑफिस से बोल रही हूँ. विलास जी आपके यहाँ काम करते हैं?"

कोणतं ऑफिस, ते काई आयकू आलं नाई. पण मले गरजच काय? माह्या डोक्यात ट्यूब पेटली. हा दिगंबर. सोताले बोलायची हिंमत नाई, म्हणून बाईले बसवलं फोनवर.

आता अशा येळी शहाणा माणूस काय करते? फोन ठेवते. मी खुर्ची ओढून बसलो.

"काम क्या, आता है बस," मी म्हणलो.

"क्या-क्या काम करते हैं?"

"चाय लाता है. पाना दिया तो उलटा पकडता है."

"और हायड्रॉलिक का काम?"

"उसने हात लगाया तो ट्रॅक्टर वावर में नहीं, भंगार में जाता, मॅडम."

बाई म्हणे, "लेकिन पत्र में तो लिखा है कि वे सीनियर मैकेनिक हैं. नीचे आपके दस्तखत हैं."

बस. म्हणजे विलासनं माहंच पत्र नेऊन दिगंबरले देल्लं? अंगाची आगच झाली माह्या.

"दस्तखत तो मैं किसी को भी दे देता," मी म्हणलो. "आपको होना तो आप भी ले जाव."

बाईनं लय अदबीनं थँक यू म्हणलं अन् फोन ठेवला. मी जेवताना बायकोले रंगवून सांगतलं, का दिगंबरची कशी जिरवली. ते पोळी लाटता लाटता म्हणे, "अवो, पण ते बाई अशी सायबासारखी काहून इचारून राह्यलती?"

"दिगंबरनं शिकवलं असन," मी म्हणलो.

थोड्या दिवसांनी विलास आला अन् टायरवर गुपचूप बसला. विलास अन् गुपचूप? मी जवळ गेलो.

"भाऊ, अर्जावर शंका काढली," तो म्हणे. "मोबाइलवर मेल आला. व्हिसाचा एजंट म्हणते, कोणीतरी माह्याबद्दल वाईट सांगतलं. खुलासा नाई देल्ला तं अर्ज नामंजूर. पुढचे कितीक वर्षं मंग अर्ज बी करता येत नाई. याच्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेत एकदा नापास झालो, मंग पास झालो. बायकोनं स्वेटर विणायले घेतले, भाऊ."

तुमाले वाटन, आता तरी याले समजलं असन. नाई. माह्या डोक्यात दिगंबरच. मी म्हणलो, "विलास, बस गाडीवर. त्याले आज सोडत नाई."

वाशीमपर्यंत मी दिगंबरले शिव्या देल्ल्या. वाशीमच्या पुढं घसा बसला. रिसोडले पोचलो तं दिगंबर जेवून हात धूत होता.

"दिगंबरभाऊ, लेकराबाळाच्या माणसाच्या पोटावर पाय देता?"

त्याले काई समजेना. "बसा तं खरं. पाणी घ्या. झालं काय?"

त्याची सून इंग्रजी शाळेत शिकवते. त्यानं तिले बोलावलं. तिनं विलासचा मोबाइल घेतला अन् मेल मराठीत सांगत गेली, एकदम पुस्तकी मराठीत. "अर्जदाराच्या मालकाशी दूरध्वनीवर बोलणं झालं. मालक म्हणाले, हा चहा आणतो. पाना उलटा धरतो. आणि सही तर मी कोणालाही देतो, असंही ते म्हणाले."

मी गिलास तोंडाले लावला. त्यातलं पाणी सरलं तरी मी पीतच राह्यलो.

दिगंबर म्हणे, "मालक म्हणजे तुमीच ना, भाऊ?"

मंग काय करता? सगळं सांगतलं. मले वाटलं, विलास आता पानाच फेकून मारते. पण तो खालीच पाहे. म्हणे, "मले सोडायचं नव्हतं, तं तोंडानं म्हणायचं होतं, भाऊ. मी आयकलं असतं." यापेक्षा पाना परवडला असता.

दुसऱ्याच दिवशी वाशीमले नोटरीकडं गेलो. वकील म्हणे, "खोटं कायले बोलले, ते कारण लिवा लागते." मी सांगतलं. त्या माणसाचा हसू हसू चष्मा खाली पडला. मंग शिक्क्यासहित इंग्रजीत लिवलं, का मिस्त्री पळून जाईन या भेवानं मी खोटं बोललो. विलासच्या पगाराच्या बँकेतल्या नोंदी जोडल्या, शेतकऱ्यांच्या सह्या आणल्या. अन् दिगंबरनं सोताहून पत्र देल्लं, का हा मिस्त्री इतका चांगला आहे, मीच याले न्यायले टपून होतो.

त्या व्हिसा ऑफिसवाल्या बाईचा पुन्हा फोन आला. बायकोनं गॅरेजातले सगळे ट्रॅक्टर बंद करायले लावले अन् माह्या बाजूले येऊन बसली.

"इस बार सच बताइए," बाई म्हणे.

"मॅडम, वो गया तो मेरा गॅरेज बंद पडता. इससे बडा सच मेरे पास नहीं."

बाई हसली बहुतेक. काई दिवसांनी व्हिसा आला. निघताना विलास पाया पडला, अन् उठता उठता म्हणे, "भाऊ, इतून पुढं चौकशीचा फोन आला, तं वहिनीले देत जा."

गेला तो. आता मले मिस्त्री पाहिजे. दिगंबरकडं दुसरा एक जण होता, त्याच्यावर माहा डोळा. म्हणलं, आता आडून आडून काई नाई, सरळ इचारायचं. फोन लावला. "दिगंबरभाऊ, तुमच्या त्या मिस्त्रीचं काम कसं आहे?"

"हिरा आहे, भाऊ," दिगंबर म्हणे. "सोडवत नाई. पण तुमी अडचणीत आहा, तं उद्याच धाडतो."

माह्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोले म्हणलो, पाह्य, माणूस असा असावा.

तो मिस्त्री आला. पहिल्याच दिवशी त्यानं एका ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलला.

अजून खोललेलाच आहे.