तिसऱ्या भागातली सोळा पानं

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. कुंभार पिंपळगावात गावाबाहेर एक जिनिंग होती, तिथं मी कापूस उचलायला होतो. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की उन्हाळ्यापर्यंत दम नाही. भोंगा वाजला की आत, दिवस मावळताना बाहेर. नाकात, कानात, भुवयांवर कापसाचा तूस. घरी आल्यावर पाणी मागायचाही कंटाळा यायचा.

तसल्या दिवसांत मी कादंबऱ्या वाचत होतो, हे आज कुणाला खरं वाटत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातलीही निम्मी निजामाच्या काळातली, उर्दू अक्षरांची. मराठी अक्षरं मी नंतर आपली आपण जुळवली. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय मला आजही पुढचा शब्द सापडत नाही. पण वाचतो म्हणजे वाचतो.

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायची. त्या दिवशी दुपारी बसस्टँडच्या रस्त्याला टेलरच्या दुकानात आम्ही चौघं जमायचो. टेलर घरी उर्दू बोलायचा, पण मराठी माझ्यापेक्षा झपाट्यानं वाचायचा. दुसरा एसटीतला कंडक्टर. जालन्याला गाडी गेली की स्टेशनजवळून जुन्या कादंबऱ्या तोच आणायचा. तिसरा शाळेतला मास्तर, वयानं आमच्यात लहान. चौथा मी.

पुस्तक एक अन् वाचणारे चार. मंग टेलरनं तोड काढली. कात्रीनं पुठ्ठा उसवायचा, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे मोकळे करायचे अन् दोन-दोन गठ्ठे जाड दोऱ्यानं शिवून एका कादंबरीचे चार भाग करायचे. पहिला माणूस पहिला भाग घेणार. पुढच्या बाजाराला तो दुसऱ्याला देणार अन् स्वतः दुसरा भाग उचलणार. असं चार जणांत फिरायचं. कायदा एकच होता. पुढं काय होतं ते सांगायचं नाही, वाचून कसं वाटलं तेवढंच सांगायचं. आणि खून कुणी केला हे दुसऱ्या भागातच जो बराबर ओळखेल, त्याला पुढच्या कादंबरीत पहिला नंबर.

काय बोलणं चालायचं तिथं! टेलर मशीन थांबवून म्हणायचा, "तुमचा मराठी जासूस लई चहा पितो बुवा. आमच्या उर्दूतला जासूस सिगारेट पेटवतो अन् थेट कामाला लागतो."

कंडक्टर म्हणायचा, "पहिल्या पानावर शेठ मेला, दुसऱ्यावर त्याची बायको हसून राह्यली. आता यात शोधायचं काय ठेवलंय?"

मास्तर म्हणायचा, "हसली म्हणून खुनी झाली का? तुमच्या गाडीत बाया हसत न्हाईत का?"

"माझ्या गाडीत हसायला जागा तर पाहिजे!"

मी कमी बोलायचो. इतरांचं ऐकून घ्यायचो अन् शेवटी एखादं वाक्य टाकायचो. "बाई सरळ दिसत न्हाई," किंवा "पोलीस कामाचा न्हाई." तेवढ्यावर सगळे माना डोलवायचे. त्या माना डोलवण्यासाठी मी सकाळभर कापूस उपसून दुपारच्या सुट्टीत गंजीच्या सावलीला ओळीवर बोट फिरवत बसायचो, हे आज लपवत नाही. जिनिंगमध्ये मला कुणी नावानंही हाक मारत नव्हतं. इथं शिकलेली माणसं मला विचारायची, "मामा, तुम्हाला कसं वाटलं?"

माघ महिन्यात मी एका कादंबरीत माळ्याला खुनी म्हणालो, अन् माळीच निघाला. अंदाजानंच बोललो होतो. पण पुढच्या कादंबरीला पहिला नंबर माझा आला. माझ्याआधी कुणी वाचलेलं नाही, म्हणजे ऐकून बोलायची सोय गेली. मला ते बरंच वाटलं.

पहिला भाग नीट गेला. गिरणीमालकाचा खून, एक हवालदार त्याचा माग काढतो. दुसराही गेला. तिसऱ्या भागात हवालदार मालकाच्या भावाच्या दाराशी आला, कडीला हात घातला, अन् मी पान उलटलं तर पुढं एक विहीर.

विहिरीवर हिरव्या लुगड्यातली नवी नवरी. ती पाणी काढते पण रहाटाला दोर नाही. एक म्हशीवाला ते बघतो. त्याची म्हैस हौदातल्या पाण्यावर वाकते तर पाण्यात म्हशीचं तोंड दिसत नाही. पुढं म्हशीवाला तापानं फणफणतो, त्याची आई गावाबाहेरच्या बाईकडं जाते. हवालदार कुठंच नाही.

मी मागं गेलो, पुन्हा वाचलं. पानाचे आकडे बराबर होते, ऐंशीनंतर एक्क्याऐंशी. मला वाटलं, हवालदारानंच म्हशीवाल्याचं सोंग घेतलं असेल. मंग वाटलं, नवरी मालकाची मुलगी असेल. तीन दिवस दुपारी तेच वाचलं. डोळे चुरचुरायचे, मान दुखायची. शेवटी एवढंच कळलं की शिकलेल्यांच्या कादंबऱ्या अशाच असतील, आपलं डोकं तिथवर पोचत नाही.

बाजाराच्या दिवशी मास्तरनं विचारलं, "मामा, तिसरा भाग कसा काय?"

"एक नंबर," मी म्हणालो. "एका दमात वाचला. कुठं अडलं न्हाई."

"भारीच वाचून राह्यलात तुम्ही," कंडक्टर म्हणाला. मला ते गोड लागलं.

पुढच्या बाजाराला मी दुकानात पोचलो तेव्हा मास्तर उभाच होता. हातात तिसरा भाग.

"टेलर, ही म्हैस कुठून आली?"

"कोणती म्हैस?"

"खुनाचा तपास चालू असताना सोळा पानं म्हैस! अन् भूत पाणी भरतंय!"

टेलरनं भाग हातात घेतला, दोरा बघितला अन् कपाळावर हात मारला. लगीनसराई तोंडावर आली होती. कामाच्या गर्दीत त्यानं दोन कादंबऱ्या एकाच दिवशी उसवल्या होत्या, एक खुनाची अन् एक भुताची. दोन्ही एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या. भुताच्या कादंबरीतला गठ्ठा त्यानं खुनाच्या तिसऱ्या भागात शिवला होता. अन् आमचा हवालदार भुताच्या कादंबरीत कडीला हात लावून उभा होता.

"या अल्ला," तो म्हणाला, "एकाचं अस्तर दुसऱ्याला लागलं!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मंग कंडक्टर हसता हसता थांबला अन् माझ्याकडं बघितलं.

"मामा, तुम्ही तर एका दमात वाचला होता."

"वाचला होता," मी म्हणालो.

"मंग म्हैस दिसली न्हाई का?"

"दिसली."

"मंग बोलले का न्हाई?"

खरं उत्तर जिभेवर होतं. ते काही बाहेर पडेना. मी म्हणालो, "तुमचाच कायदा आहे. पुढचं सांगायचं न्हाई."

दुकानात पुन्हा हशा झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मास्तर मात्र हसला नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् हळू आवाजात म्हणाला, "न वाचता बोललात तरी चालतं हो मामा. आपण काय परीक्षा घेऊन राह्यलो का?"

कुणी शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. त्याच्या मऊ बोलण्याला काय देणार? मी म्हणालो, "वाचलं म्हणजे वाचलं."

"बरं, वाचलं," मास्तर म्हणाला, लहान लेकराला म्हणावं तसं.

टेलर दोरा उसवता उसवता म्हणाला, "मामू दिवसभर खपतो, डोळे लाल होतात त्याचे. कशाला तकलीफ? पुढची कादंबरी मी तीनच भागांत शिवतो. मामूला आपण गोष्ट तोंडानं सांगू."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मी टोपी झटकली अन् निघालो. पाठीमागून कंडक्टर म्हणाला, "अहो मामा, चहा येऊन राह्यलाय!" मी वळून पाहिलं नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाचलं पण कळलं न्हाई, असं म्हणायला काय झालं होतं?"

"तुला न्हाई समजायचं."

"मला समजतं. तुमचंच तोंड उघडत न्हाई." एवढं बोलून तिनं भाकर तव्यावर टाकली.

मी फार थकलो होतो. कापसानं नाही. असं वाटलं, जाऊ दे. नाही वाचलं तर कुणाचं काय अडतं? दुपारच्या सुट्टीत इतरांसारखं आडवं व्हावं. तीन भाग तर तीन भाग. पण मी वाचलं होतं. तीनदा वाचलं होतं. अन् गावात तीन माणसं मला न वाचता बोलणारा समजून झोपणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी मी मास्तरच्या घरी गेलो. तो अंगणात खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता, तोंडाला साबण. "या मामा, बसा," म्हणाला. मी बसलो नाही. उभ्यानंच सोळा पानं सांगितली. हिरवं लुगडं, बिनदोराचा रहाट, पाण्यात न दिसलेलं म्हशीचं तोंड, म्हशीवाल्याच्या आईनं पदराला बांधून नेलेले सात खडे, अन् शेवटच्या ओळीत ती गावाबाहेरची बाई दार उघडताना काय म्हणते ते. मास्तरच्या गालावरचा साबण वाळला. वस्तरा हातातच राहिला.

मंग मी म्हणालो, "सगळं वाचलं. कळलं न्हाई. मला वाटलं माझंच डोकं कमी."

तो काहीतरी बोलायला लागला. मी हात वर करून थांबवलं.

"टेलरला सांगा, चार भाग कर म्हणून. मी सांगायला जाणार न्हाई."

अन् जिनिंगच्या वाटेला लागलो.