दुसऱ्याची घोडी

नानांच्या दारात घोडी होती, पण नानांना त्या घोडीवर बसलेलं कुणी कधी पाहिलं नाही. वर दुसरंच कुणीतरी बसलेलं असायचं आणि नाना लगाम धरून पुढे चालत असायचे. धरणगावच्या बाजाराच्या वाटेवर हे इतकं नेहमीचं होतं, की परगावची माणसं त्यांना मोतद्दारच समजत. एकदा एका कापूस व्यापाऱ्याने त्यांना थांबवून विचारलं, "तुमचे मालक कुठे असतात?" नाना म्हणाले, "बसराले." व्यापाऱ्याला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

नाना माझे थोरले दीर. मी त्या घरात लग्न होऊन गेले ती जर्मनच्या लढाईची वर्षं होती. घोडी होती शिवराम पाटलाची. हा नानांचा लहानपणापासूनचा मित्र, बिनलग्नाचा आणि घोड्यांचा वेडा. लढाईवर जनावरं सांभाळायला माणसं हवीत असं कळताच तो भरती होऊन दर्यापार बसऱ्याला गेला. भावांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून जाताना त्याने घोडी आमच्या कडुनिंबाला आणून बांधली. घोडी पंचकल्याणी होती, जत्रेतल्या शर्यती जिंकलेली. शिवराम एवढंच म्हणाला, "नाना, हिले बांधी ठेवू नका. रोज फिरवा." दुसऱ्या कुणाला बसवू नका, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही.

नानांनी शब्द पाळला. ते रोज तिला घेऊन निघत. पहिल्या आठवड्यातच वाटेत एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन बाजारातून येताना भेटली. घोडी रिकामी, वाट तीच. नानांनी तिला उचलून वर बसवलं. दुसऱ्या दिवशी पाय मुरगळलेला सुतार आला. मग माहेरी निघालेली एक लेकुरवाळी आली. पुढे पुढे तर सकाळी आमच्या ओट्यावर दोघं-तिघं येऊन बसलेलीच असत, आणि नाना भाकरी खाऊन उठत ते कुणाला कुठे जायचंय हे विचारतच.

माझ्या जाऊबाईंना हे पसंत नव्हतं. त्या म्हणत, "दुसरानी घोडी. उद्या लंगडी व्हयनी तं काय तोंड दखाडशात?" नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "घोडी मन्ही ऱ्हाती तं नही म्हनतू. दुसरानी शे, मी नही म्हननारा कोन?" या उत्तरात कुठेतरी खोट आहे असं जाऊबाईंना वाटे, मलाही वाटे, पण ती नेमकी कुठे आहे हे दोघींनाही सांगता येत नसे. तुम्ही स्वतः का बसत नाही असं विचारलं, तर ते म्हणत, "माले पाय शेत ना!"

मीही एकदा त्या घोडीवर बसले. दिवस गेले होते, माहेरी जायचं होतं, आणि आमची बैलजोडी नांगराला जुंपलेली. स्टेशनापर्यंत नाना निघाले. त्या काळी थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. अर्ध्या वाटेवर नाना घोडीला म्हणाले, "काय वं, तीस लागनी का?" तहान मला लागली होती. मी नुसती बांगडी वाजवली. नानांनी घोडी विहिरीकडे वळवली, मला पाणी काढून दिलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. पुढे सावली आली की ते घोडीलाच विचारत, "थांबानं का वं?" सगळ्या वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला काही कमीही पडलं नाही.

मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा ओट्यावर बसायला माणसं येईनाशी झाली. नानाच घराघरांत जाऊ लागले. आजाऱ्याला घोडीवर पालथं घालायचं, धोतराने सैलसं बांधायचं आणि दवाखान्यात पोचवायचं. घोडीची चाल तेव्हा इतकी मऊ झाली होती, की वर कुणी झोपलं तरी पडत नसे. जे वाचले त्यांतले बरेच तिच्या पाठीवरून गेलेले होते. जे वाचले नाहीत, तेही.

शिवराम मेला असंच सगळे धरून चालले होते. तो एका दुपारी चालत आला. वाळलेला, काळवंडलेला, पण घोडी दिसताच पहिल्यासारखा ताठ झाला. सगळ्या गावासमोर त्याने उडी मारून मांड टाकली आणि टाच मारली. घोडी हलली नाही. तिने मान वळवून नानांकडे पाहिलं. त्याने पुन्हा टाच मारली. नानांनी न राहवून लगामाला हात लावला, तशी ती संथपणे त्यांच्यामागे चालू लागली. लोक हसले. एरवी कदाचित हसले नसते, पण कित्येक महिन्यांत गावात हसण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

शिवराम खाली उतरला. "नाना, मन्ही घोडीनी तुम्ही गाय करी टाकी!"

नानांनी खाली मान घातली. "हा भो. व्हई गई."

साथीचं, आजाऱ्यांचं काहीच ते बोलले नाहीत. शिवराम घोडी घेऊन गेला आणि त्याने नानांशी बोलणं सोडलं. पुढच्या हिवाळ्यात त्याने ती सारंगखेड्याच्या बाजारात विकली. धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्या वैद्यांना गरीब जनावर हवं होतं. हे कळलं तेव्हा नानांनी एवढंच विचारलं, "वैद्य मानूस बरा शे ना?"

त्यानंतर नाना कुठे जाईनासे झाले. लोक ओट्यावर येऊन घोडीचं विचारत, ते हसून सोडून देत. शेवटी एके सकाळी पागोटं बांधून ते शिवरामच्या दारी गेले. तिथे चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोरच नाना म्हणाले, "शिवराम, मन्हं चुकनं. तुले इचारेल नव्हतं." नाना पुढे म्हणाले, "पन एक सांगस. परत ठेवी गया तं परत आसंच व्हई. म्हनीसन मन्हाजोडे ठेवू नको." चौघांतला एक जण खोकला. शिवरामने नानांना बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. नाना थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

पेरण्या आटोपल्यावर शिवरामला बहिणीकडे पिंपळनेरला जायचं होतं. चांगला महिनाभराचा मुक्काम होता. निघायच्या दिवशी तो आमच्या अंगणात आला. बरोबर त्याचा नवा घोडा होता, काळा आणि भलताच तापट. त्याने तो कडुनिंबाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. नाना ओट्यावरून उठले. शिवराम त्यांच्याकडे न पाहता म्हणाला,

"हाऊ चावस, नाना. ज्याले बसाडशात त्याले पहिले सांगी द्या."