सोनटक्क्यांचा शेवटचा रकाना

फोन अनघाचा होता. मी लखनौच्या तेलीबागेतल्या माझ्या दुकानात एका सेंट्रीफ्यूजचं झाकण काढून बसलो होतो, हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. माझी मुलगी गेलं दीड वर्ष माझ्याशी हिंदीतच बोलते, आणि तेही कामापुरतं. ती म्हणाली, "सोनटक्के काका नहीं रहे. आज सुबह." कुठे, कसं, हे विचारेपर्यंत फोन बंद झाला होता. मी झाकण परत बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि मग हात धुतले. खोटं कशाला लिहू... पहिला विचार दुःखाचा नव्हता. हा माणूस आमचं भांडण अर्ध्यावर टाकून गेला, असा राग आला. त्या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. शोकसभेत सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले आणि ते सगळं खरंही होतं. मी मागच्या रांगेत गप्प बसलो. बोललो असतो तर आवाज चढला असता.

डॉ. मुकुंद सोनटक्के मूळचे वर्ध्याचे. इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी सगळी नोकरी केली. मी सांगलीकडचा, आयटीआय झालेला. एका कंपनीचा फिटर म्हणून लखनौला आलो, साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करण्याचं स्वतःचं दुकान टाकलं. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही. जे मिळालं ते भाव करून, प्रसंगी ओरडून मिळवलं. सोनटक्क्यांची आणि माझी ओळख त्यांच्या संस्थेतलं एक जुनं यंत्र दुरुस्त करताना झाली. मी खाली वाकून हिंदीत शिव्या देत होतो आणि मध्येच एक अस्सल मराठी शिवी निघाली. वरून आवाज आला, "अहो, कुठले तुम्ही?" त्या दिवशी त्यांनी मला अलीगंजच्या घरी जेवायला नेलं. नलिनीवहिनींनी झुणका केला होता. त्यानंतर पंधरा वर्षं त्या घराचं दार मी घंटी न वाजवता उघडत होतो.

दर जूनमध्ये आम्ही मलिहाबादला दशहरी आंबे आणायला जायचो. एका वर्षी मी बागवानाशी अर्धा तास घासाघीस केली, दोनदा गाडीपर्यंत जाऊन परत आलो आणि शेवटी पेट्या मी म्हटलेल्या दरातच उचलल्या. निघताना सोनटक्के म्हणाले, चष्मा राहिला, आणि मागे गेले. चष्मा त्यांच्या खिशात होता, मी पाहिला होता. कमी केलेले पैसे ते त्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवून आले. मी परतीच्या वाटेवर त्यांना नको नको ते बोललो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माने, तो खुशीत नव्हता हो." मी म्हटलं, सौदा झाल्यावर खुशीत कोण असतं? त्यांनी खिशातला चष्मा काढून पुसायला घेतला. असं ते बऱ्याचदा करत. फार चीड यायची.

संस्थेने त्यांच्याकडे संशोधक विद्यार्थ्यांच्या तक्रारींची समिती सोपवली ती बहुधा शिक्षा म्हणून. ते काम कुणालाच नको होतं. यंत्रावर वेळ मिळत नाही, मागवलेली रसायनं सहा महिने येत नाहीत, गाइड लिहिलेलं प्रकरण वाचतच नाहीत, अशा त्या तक्रारी. तक्रार करणारा पोरगा बाहेरगावचा, घाबरलेला, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच सहीवर त्याची पीएचडी अडलेली. इथल्या सरकारी हिंदीत तक्रार मिटवण्याला निस्तारण म्हणतात. आधी रीत अशी होती की समिती बसायची, दोन्ही बाजू ऐकायची, "योग्य कार्यवाही करावी" असं लिहायची आणि संगणकावर निस्तारण झालं म्हणून नोंद व्हायची. सोनटक्क्यांनी बाजारातून एक लांब वही आणली आणि रकाने आखले. काय अडलंय, काय हवंय, कधीपर्यंत हवंय. आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द: "मिला?" तो रकाना विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने भरायचा. तो भरेपर्यंत तक्रार मिटली असं ते संचालकांना कळवत नसत, मग कुणी कितीही दटावो.

आणि ते कधी कुणाला समितीच्या खोलीत बोलवायचे नाहीत. वही काखेत धरून त्या पोराच्या टेबलापाशी जायचे, शेजारचं स्टूल ओढून बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "समितीच्या खोलीत बिस्किटं असतात, माने. यंत्र नसतं." बहराइचच्या एका पोराची तक्रार होती की नमुने ठेवायच्या खोलीची किल्ली गाइडकडे असते आणि ते पाचला घरी जातात. सोनटक्के सव्वापाचला त्या पोराबरोबर बंद दारापाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली मागून घेतली, चौकातल्या किल्लीवाल्याकडून दुसरी करून पोराच्या हातात दिली. त्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासा त्यांनी मला वाचून दाखवला होता आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

हसणं तिथवरच. मग अनघाची तक्रार आली.

अनघा त्याच संस्थेत पीएचडी करत होती, आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या एका रोगावर. मलिहाबादच्या बागांतून मोहोराचे नमुने आणायचे आणि त्यांच्या अर्कात काय बदललंय ते यंत्रावर तपासायचं. नमुना ताजाच लागतो, आणि मोहोर असतो वर्षातून काही आठवडे. यंत्र तिच्या गाइडच्या ताब्यात. तिसऱ्या वर्षी ऐन मोहोरात गाइड म्हणाले यंत्र बिघडलंय, आणि दुसऱ्या एका प्रकल्पाची मुलं मात्र त्यावर बसलेली दिसायची. तिने लेखी तक्रार केली. सोनटक्के गेले, तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि "काय हवंय" खाली तिच्याकडून लिहून घेतलं: मोहोर संपेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस यंत्र. गाइडना पत्र गेलं. गाइडनी उत्तर दिलं, यंत्र नादुरुस्त आहे. दुसरं पत्र गेलं. आठवडा गेला.

मला ते बघवेना. फ्रिजमध्ये पोरीचे नमुने काळे पडत होते आणि हा माणूस पत्रं लिहीत होता. ते यंत्र मला तोंडपाठ होतं. पंपाचं एक सील गेलं होतं, यंत्र रखडत का होईना चालत होतं, तासाभराचं काम. मी थेट गाइडना गाठलं. म्हटलं, वर्षभर तुमच्या प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं फुकट बघतो, माझ्या मुलीला दोन दिवस द्या. ते हसले, चहा मागवला आणि म्हणाले, "माने जी, पहले वो शिकायत तो हटवाइए." मला वाटलं, स्वस्तात सुटलो. घरी येऊन अनघाला तक्रार मागे घ्यायला बसवलं. ती नको म्हणत होती. काकांना आधी विचारू, म्हणाली. मी ओरडलो. काका तुला पुढचा मोहोर आणून देणार आहेत का, म्हणालो. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.

सोनटक्क्यांनी ते पत्र वाचलं आणि तिला एवढंच विचारलं, "तुला यंत्र मिळालं?" ती म्हणाली, मिळणार आहे. त्यांनी वही तिच्यापुढे केली आणि म्हणाले, "मग मिळाल्यावर लिही." पत्र फाइलला लावलं, पण तक्रार उघडीच ठेवली.

मी सील बदललं आणि गाइडनी बोलल्याप्रमाणे यंत्र दिलं. दोन आठवडे. मग संचालकांकडे महिन्याचा अहवाल गेला आणि त्यात अनघाची तक्रार अजून मिटलेली नाही असं होतं. त्याच दुपारी मला गाइडचा फोन आला. ते ओरडले नाहीत. फार गोड आवाजात म्हणाले, "आपने तो कहा था ख़त्म हो गया." दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोलीला नवीन कुलूप होतं.

मी अलीगंजला गेलो. वहिनींनी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, एक सही करायची होती, डॉक्टर. तुमच्या एका रकान्यासाठी तुम्ही माझ्या पोरीचं वर्ष घालवलंत. ते म्हणाले, सही केली असती तर त्यांची यंत्रं तुमच्याकडून दुरुस्त होईपर्यंतच तिला ते मिळालं असतं. मी म्हटलं, दोन आठवडे मिळाले, अजून दोन मिळाले असते तर मोहोर संपला असता, काम झालं असतं!  ते हळू आवाजात म्हणाले, "असंही झालं असतं. पण माने, मागे घेतल्याचं पत्र तुमचं होतं. तक्रार तिची होती." मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी आतल्या खोलीत गेल्या. उठताना मी त्यांना म्हटलं, तुम्हाला स्वतःची मुलं नाहीत म्हणून तुम्हाला दुसऱ्याच्या मुलांवर प्रयोग करता येतात.

हे वाक्य मी बोललो. ते परत घेता येत नाही, आणि ज्यांच्याकडून परत घ्यायचं ते गेले.

पुढच्या मोहोरातही यंत्र मिळालं नाही. समितीतले बाकीचे म्हणाले, मुलीनेच तक्रार मागे घेतलेली आहे, आता कशाच्या जोरावर बोलायचं? ते माझंच पत्र दाखवत होते. मग शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अनघाने जाणं बंद केलं. आता ती तेलीबागेतल्या एका कोचिंगमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. ती माझ्याशी हिंदीत बोलू लागली ते तेव्हापासून. दर शनिवारी मात्र स्कूटर काढून अलीगंजला जायची. वहिनी सांगतात, तिथे मराठीतच बोलायची. सोनटक्क्यांना मी शेवटचं पाहिलं ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. फार वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता. रांगेत प्रसाद तेच वाटत होते. मी हात पुढे केला, त्यांनी मोदक ठेवला. मी वर पाहिलं नाही.

ते गेल्यावर समितीच्या नव्या अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या जुन्या तक्रारी निकालात काढल्या. तिथले एक बाबू माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, "सब निस्तारित, माने साहब. एकदम साफ़." सोनटक्क्यांची वही कुणालाच नको होती, ती त्यांच्या चष्म्याच्या घरासोबत आणि डब्यासोबत वहिनींकडे पाठवली गेली. वहिनींनी मला आणि अनघाला बोलावून घेतलं. वही कापडी पिशवीत होती. मला म्हणाल्या, "भाऊजी, यातलं एक पान तुमच्या घरचं आहे, ते म्हणायचे. घेऊन जा."  चहाही विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी जेवायच्या टेबलावर अनघाने तिचं पान उघडलं. तिच्या अक्षरात "दोन दिवस यंत्र". शेवटचा रकाना कोरा. आणि समासात, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीने बारीक तारखा, प्रत्येक तारखेपुढे मराठीत तेच तेच. गेलो होतो, नाही. गेलो होतो, नाही. गेलो होतो, कुलूप... मी मोजल्या नाहीत. अनघाने जाणं सोडल्यानंतरच्याही तारखा होत्या. शेवटच्या तारखेला ते रुग्णालयात होते असं वहिनी म्हणाल्या होत्या, म्हणजे मधल्या वेळात उठून गेले असणार. तिथे अक्षर वाकडं झालंय.

माझा राग गेलेला नाही. तिथे जात होते तर मला एकदा सांगायचं होतं. एक फोन करायचा होता. मीही गेलो असतो बरोबर, त्या दारापाशी उभा राहिलो असतो... त्यांनी एकदा सही केली असती तर आज माझी मुलगी डॉक्टर झाली असती, असं मला अजूनही काही सकाळी वाटतं. काही सकाळी तसं वाटत नाही. यंत्राचं सील पुन्हा गेलंय. गाइडचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

त्या दिवशी मी अनघाकडे पेन सरकवलं. सवयच माझी, गोष्ट मिटवून टाकायची. म्हटलं, आता कोण वाचणार आहे? लिहून टाक काहीतरी आणि ठेवून दे. तिने पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दीड वर्षानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली.

"मिळालं नाही, बाबा."

वही आता फ्रिजवर आहे, शेवटचा रकाना अजून कोराच. अनघाच्या शनिवारच्या स्कूटरची किल्ली वहीवर ठेवलेली असते. रोज सकाळी दूध आत ठेवताना मला वही दिसते. मी ती हलवत नाही.