गुरुप्रसादचं गाऱ्हाणं

आमच्या बँडचं नाव 'गिऱ्हा', म्हणजे पाण्याकाठचं भूत. कोकणातला पहिला डेथ मेटल बँड, असं आता मुंबई-पुण्याची पोरं लिहितात. तेव्हा आम्हाला पहिले-बिहिले कोणी म्हणत नव्हतं. अलोऱ्याच्या कॉलनीतल्या एका रिकाम्या खोलीत गुरुप्रसाद घशाच्या तळातून गुरगुरायचा, मी ड्रम बडवायचो, आणि शेजारच्या राजश्रीवहिनी खिडकीतून विचारायच्या, "रेडा आणलात काय रं घरात?" चिपळूणच्या एका गॅदरिंगमध्ये तर दुसऱ्याच गाण्याला कोणीतरी मेन स्विच बंद केला.

गुरुप्रसाद पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. मवाळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे घोगरं गाणं तेव्हा आमच्याकडे सगळे इंग्रजीतच म्हणत, आणि उच्चारांच्या नावानं बोंब. गुरुप्रसादनं ते मराठीत आणलं, तेही वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत. वडील म्हणजे दत्तारामकाका; त्यांच्या घराण्याकडे गावदेवाला गाऱ्हाणं घालायचा मान. काका "बा देवा म्हाराजा" म्हणून गावाचं मागणं मांडणार आणि प्रत्येक मागण्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणणार. गुरुप्रसादनं त्याच धाटणीत बंद घरांचं गाऱ्हाणं रचलं. मुंबईला गेलेल्यांच्या दारांची कुलपं गंजली, ती उघड म्हाराजा. समोरची पोरं "व्हय म्हाराजा" गुरगुरत साथ द्यायची. ते गाणं पसरलं, आणि देवरुखपासून कोल्हापूरपर्यंत पोरं आपापल्या बोलीत, आपापल्या गावाबद्दल गुरगुरायला लागली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

काकांना मात्र ते जिव्हारी लागलं. "देवाचा शबूद तू तमाशाला लावलास," एवढं म्हणून त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं.

मग यंदा काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. शिमगा तोंडावर आलेला. मान आता गुरुप्रसादच्या चुलतभावाकडे, हरिश्चंद्रकडे जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. कधी कुणापुढे हात न पसरलेला गुरुप्रसाद गावचे मुख्य मानकरी रावजी यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बापसाकडं बगून यंदा तू बोल," रावजी म्हणाले. "नीट बोल्लास तर मान तुज्याच घरात. पन तुजं ता रेकणं देवाम्होरं नको."

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खाटेवर डाव्या हाताची बोटं हलवली. गुरुप्रसादला तो होकार वाटला. आनंदाच्या भरात त्यानं ते फोनवर अजिंक्यला सांगितलं. अजिंक्य देवरुखचा, आमची गाणी ऐकून स्वतःचा बँड काढलेला. असल्या गोष्टी पोटात ठेवाव्यात, पण गुरुप्रसादच्या पोटात काही राहील तर शपथ.

शिमग्याला सकाळी पालखी सहाणेवर, देवाच्या दगडी चौथऱ्यावर, बसली. काकांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. धोतर नेसलेला गुरुप्रसाद नारळ घेऊन पुढे झाला, आणि गर्दीच्या मागे काळे टीशर्ट दिसले. अजिंक्य दहाबारा पोरं घेऊन आला होता.

गुरुप्रसाद साध्या आवाजात बोलू लागला. शब्द अगदी काकांचे. पहिलं मागणं संपलं. गावानं तोंड उघडायच्या आत मागून ती पोरं पोटातून गुरगुरली, "व्हय म्हाराजा."

लहान मुलं रडायला लागली. गाव मागे वळून बघायला लागलं. मला वाटलं, ही थट्टा चाललीय, एकेकाला धरून ठोकावं. पण अजिंक्यचे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले. ते दोन शब्द त्यांनी गुरुप्रसादकडूनच ऐकले होते. देवाला असंच म्हणायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

गुरुप्रसादलाही ते कळलं. त्यानं पोरांना तिथंच झापलं असतं, हाकललं असतं, तर कदाचित मान टिकला असता. ते त्याच्यानं झालं नाही. रावजींनी त्याच्या हातातला नारळ काढून हरिश्चंद्रला दिला. हरिश्चंद्रनं गाऱ्हाणं पुरं केलं आणि गावानं दणदणीत साथ दिली. गुरुप्रसादनंही दिली, चारचौघांसारखी. मला त्या वेळी त्याच्याकडे बघवेना.

सगळं आटोपल्यावर काकांना घरी न्यायला तो खाली बसला, पाठुंगळीला घ्यायला पाठ पुढे करून. काकांनी चालता डावा हात उचलला आणि शेजारी उभ्या हरिश्चंद्रच्या गळ्यात टाकला. हरिश्चंद्र त्यांना पाठीवर घेऊन घाटीच्या पायऱ्या उतरला. गुरुप्रसाद मागून खुर्ची घेऊन गेला.