सुमनबाईंच्या टेबलाबाबत

विषय : श्रीमती सुमनबाई, खाजगी टायपिस्ट, यांनी बाळंतपणानंतर कचेरीच्या ओसरीत पूर्वीप्रमाणे टेबल मांडण्याची परवानगी मागितल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज व नंतरची स्मरणपत्रे.

एवढं लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. उभी हयात कचेरीत कारकुनी करण्यात गेली. किस्से म्हणाल तर कचेरीत कोणी सांगायला बसत नाही, ते आपोआप साठतात. कामं निकालात निघाली असती तर इतके साठलेही नसते. त्यातले सुमनबाईंचे तेवढे वेगळे काढतोय.

सुमनबाई आमच्या ओसरीत मशीन घेऊन बसायच्या. राज्याच्या सीमेवरचा भाग, कचेरीचा कारभार तेलुगूत. खेड्यांतली माणसं मराठीत गाऱ्हाणं सांगायची आणि बाई ते ऐकता ऐकता तेलुगूत टाइप करायच्या. नवरा जिनिंगमध्ये कामाला. म्हणजे कापसाचा हंगाम असेपर्यंत कामाला. बाकीचं वर्ष घर या मशीनवर चालायचं. आणि ओसरीची गोष्ट अशी, की तिथं बसलेला माणूस खेड्यातल्या लोकांना अर्धा सरकारी वाटतो. रस्त्यापलीकडे बसलेला नुसता रस्त्यावरचा.

∗

आठवा महिना लागला तेव्हा बाई माहेरी निघाल्या. शेजारी गंगाधरराव अर्जनवीस बसायचे, जुन्या उर्दू वळणाचे, शाईच्या पेनाने अर्ज लिहिणारे. ते म्हणाले, "निर्धास्त जा बाई. तुमच्या जागेले कोनी हात लावनार नाई. मी हावो ना!"

बाई परत आल्या त्या पाच महिन्यांनी, कडेवर मुलगी घेऊन. पाहतात तर त्यांच्या जागेवर गंगाधररावांचं दुसरं टेबल, त्यावर नवंकोरं मशीन, आणि मशीनपुढे गंगाधररावांचा भाचा!

"हे काय, राव?"

"काय म्हंजे? जागा सांभाळून राह्यलो ना!"

भांडायचं तर परवानगी दाखवावी लागते. बाईंची परवानगी जुन्या तहसीलदारांनी तोंडी दिलेली. मधल्या काळात तालुके मोडून त्यांची लहान लहान मंडलं झाली, आणि परवानगी देणारं तोंड बदली होऊन निघून गेलं. बाईंनी अर्ज दिला आणि समोरच्या पानटपरीशेजारी पत्र्याखाली बसल्या. तो अर्ज आवकला मीच घेतला.

∗

तालुका मोडला तशी बाईंची माणसंही पांगली. पूर्वी आमचे दोन कारकून आलेल्या माणसाला सांगायचे, "जा, बाईकडून टाइप करून आन." त्यातला एक नार्नूरच्या मंडलात गेला, दुसरा नेरडीगोंड्याच्या. बाईंनी ठरवलं, आपणच जाऊन ओळख ताजी करावी. मुलीला घेतलं आणि एस.टी.ने नार्नूर गाठलं.

कारकुनाला खरंच आनंद झाला. चहा झाला. मग तो बाईंना घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने मुलीची दृष्ट काढली, दात कधी येतील ते सांगितलं, डिंकाचे लाडू बांधून दिले. निघताना बाईंनी विचारलं, "अन् कामाचं?"

"काम लय येऊन राह्यलं बाई! पन तुमी आता लेकुरवाळ्या. तुमाले तरास नको म्हनून समदं गंगाधररावाच्या भाच्याले धाडून देतो."

नेरडीगोंड्याला लाडू बेसनाचे मिळाले. बाकी तपशील तोच.

∗

बाईंनी पत्र्याच्या आडव्या बल्लीला झोळी बांधली. एका हाताने दोरी, दोन्ही हातांनी टायपिंग. हिशोब जमत नाही, पण त्या करायच्या. तरी जुनी गिऱ्हाइकं फिरकेनात. लांबून बाई दिसल्या की माणूस मान खाली घालून रस्ता ओलांडायचा आणि थेट ओसरी चढायचा. आम्हाला वाटलं, गंगाधररावांनी काही कान भरले.

मारोतीबाप्पू म्हणून एक म्हातारे होते. बाईंशिवाय कोणाकडे अर्ज करत नसत. तेही तसेच चोरासारखे वर आले. आमचा चपराशी लिंगन्ना म्हणाला, "बाप्पू, सुमनअम्माकडे काऊन नाई गेले?"

"जाऊ कसा? तान्हं लेकरू हाये तिथं. पयल्यांदा पाहाचं त त्याच्या हातावर काई ठेवा लागते का नाई? माह्यापाशी अर्जापुरतंच हाये. रिकाम्या हातानं लेकराचं तोंड पाहू काय?"

तेव्हा उलगडा झाला. बाईंवर कोणाचा राग नव्हता. सगळ्यांना बाईंसमोर जायची लाज वाटत होती!

कापूस विकल्यावर मारोतीबाप्पू आले. मुलीला झबलं, खडीसाखर, आशीर्वाद. बाईंनी लगेच मशीनमध्ये कागद चढवला. "बोला बाप्पू, काय लिहू?"

"काई नाई बाई. काम त गंगाधररावानं कवाच करून देल्लं. मी लेकरू पाहाले आलतो."

∗

मग बाईंनी मुलीला सासूपाशी ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक येऊ लागलं. पण बसलं की पहिला प्रश्न, "लेकरू कोनापाशी ठेवलं?" दुसरा, "दूध?" तिसरा प्रश्न बायकाच विचारायच्या, आणि तो प्रश्न नसायचा. "कसं करवते बाई तुमाले!"

सुमनबाई वैतागल्या. त्यांनी एक कागद लिहून मशीनच्या समोरच्या बाजूला चिकटवला. वर मराठी, खाली तेलुगू. "मुलगी सासूबाईंपाशी आहे. दूध पिऊन झोपली आहे."

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. चष्मा लावून कागद वाचला. वरचा वाचला, खालचाही वाचला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि आपुलकीने विचारलं, "अन् सासूची तब्येत कशी असते?"

∗

सासूची तब्येत उत्तम होती. त्यांचं म्हणणं होतं, मशीन विकून म्हैस घ्यावी. हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं, कारण एकदा मी आणि लिंगन्ना टपरीवर पान खात असताना त्या कडेवर मुलगी आणि सोबत गिऱ्हाईक घेऊनच बाईंकडे आल्या. कागदाचं नव्हे, मशीनचं!

"आत्याबाई, म्हैस तेलुगू लिहिते काय?" बाई म्हणाल्या.

"नसंल लिवत. पन दूध देते. अन् तिले ओसरी लागत नाई, घरीच राह्यते. तुहं मशीन काय देते?"

सकाळपासून एकच अर्ज झाला होता, तोही उधारीचा. मशीन बघायला आलेला माणूस उगीच एकेक बटण दाबून पाहत होता, वांगी दाबून पाहावीत तसा. सासू म्हणाल्या, "तू इथं बसते, अन् तिकडं तुहं लेकरू दिवसभर रडते. माह्यानं आता होत नाई सुमन." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. नुसता थकवा होता.

"ओसरीचा निकाल लागू द्या," बाई म्हणाल्या. "मंग तुमी म्हनाल तसं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कवा लागते हो निकाल?"

मी म्हटलं, "विचाराधीन आहे."

"म्हंजे?"

लिंगन्ना मध्येच म्हणाला, "म्हंजे आजी, तुमी म्हैस पाहून ठेवा."

∗

शेवटचा किस्सा आमच्या कचेरीतल्या सरकारी टायपिस्टबाईंचा. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. भरपगारी. त्यांच्या खुर्चीवर चुकून कोणी बसू नये म्हणून लिंगन्नाने तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवून दिला. कागद तुंबले, वरून तगादा आला. आमच्या मंडलाचे साहेब मूळचे लांबचे, हिंदीत बोलायचे. ते म्हणाले, "बाहर से किसी को बुलाओ." लिंगन्ना रस्ता ओलांडून सुमनबाईंना घेऊन आला.

बाई स्टुलावर बसल्या आणि सकाळपासून खाली मान घालून टाइप करत राहिल्या. दुपारच्या गठ्ठ्यात साहेबांनी मंजूर केलेला एक मसुदा होता. श्रीमती सुमनबाई यांना कळवण्यात येते की, ओसरीत सध्या जागा शिल्लक नाही. तरी अर्जदाराने टेबलाची आवश्यकता काय, याचा सविस्तर खुलासा सादर करावा.

मी पाहत होतो. बाईंनी एकदा वाचलं. मग तीन कार्बन घातले, समास नीट लावला आणि टाइप केलं. एकही खाडाखोड नाही. गठ्ठ्यात ठेवून सगळे कागद साहेबांपुढे नेले.

साहेबांनी एकेक कागद बघून सह्या केल्या. त्या कागदावरही केली. मग चष्म्यावरून पाहिलं.

"इतना साफ काम! मॅडम, आप उधर रोड पे क्यूँ बैठते? इधर वरांडे में बैठिए ना. एक अर्जी दे दीजिए."

"जी साहेब," बाई म्हणाल्या.

स्टुलावर येऊन बसल्या, कोरा कागद चढवला, अर्ज टाइप केला, खाली सही केली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी आवकचा शिक्का मारला. विषय एकच असल्याने रीतीप्रमाणे तो आधीच्या अर्जाला जोडून साहेबांकडे पाठवला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी दोन्ही अर्ज प्रलंबित होते.