कॅरेटवरची पिवळी फुलं

टोमॅटो भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटांवरची आमची निळ्या पट्ट्याची खूण मीच बुजवली. नव्या वर्षाचा संकल्प होता, रोज काहीतरी सुंदर रंगवायचं. मोबाईलवरच्या एका बाईनं तो सांगितला. तिला कधी कॅरेट उचलावं लागलं नसणार, एवढंही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. निळ्या पट्ट्यांवर पिवळी फुलं काढून मी खूश!

उन्हाळ्यात पहिल्या तोड्याचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात गेले. तिथं रिकामी कॅरेटं खुणेवरून परत मिळतात. माझं एकही मिळालं नाही. मी अडत्याच्या हमालावर खेकसलो, "चोर आहेत सगळे!"

"चोर कशाला, राव? पट्टा दिसंना, मंग कुणाची म्हणायची? फुलं मातर लई आवडली लोकांना. ज्यानं बघितली, त्यानं उचलली."

घरी रानात टोमॅटो लालभडक होऊन फुटायला लागलेले, आणि भरायला कॅरेट नाही. त्या बाईवर, बाजारावर, स्वतःवर इतका संतापलो की रंगाचा डबा बांधावर आपटला. उरलेला पिवळा रंग माझ्याच सदऱ्यावर उडाला.

तोडा थांबवून बायको बघत होती. म्हणाली, "आता तुमच्यावर बी फुलं आली. पण तुमाला कोण उचलून न्यायचं न्हाई."